चित्रातली अक्षरं

बुधवारी सकाळी अझीम पेंटरांनी चहाचा कप कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवला आणि त्यांच्या मुलीने, रझियाने, तो उचलून खिडकीत ठेवला. रोजचंच होतं हे. ते ठेवायचे, ती उचलायची, आणि दोघांपैकी कुणी त्याबद्दल चकार शब्द काढायचं नाही. २००५ सालचा जानेवारी होता. रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या त्या घरात कॉम्प्युटर येऊन तीन वर्षं झाली होती, तरी अब्बा त्याच्यासमोर बसण्याआधी अजून टोपी सारखी करत, परक्या माणसासमोर बसायचं असल्यासारखी.

"काय गो, उघडलं का माझं दुकान?"

"उघडतंय. फोनची लाइन आहे अब्बा, नळ नाही."

"नळ तरी कुठे वेळेवर येतो?" आतून अम्मीचा आवाज आला.

दुकान म्हणजे वेबसाइट. अझीम पेंटरांनी चाळीस वर्षं मिरकरवाड्याच्या बंदरावर होड्यांवर नावं रंगवली होती. देवनागरी, उर्दू, इंग्रजी; नाखवा म्हणेल ती लिपी. खडू लावलेली दोरी ताणून एकदा फट्‌ करून मारायची, पांढरी रेघ उमटली की तिच्याखाली अक्षरं टांगायची, आणि ती वाळली की गडद निळ्याने प्रत्येक अक्षराला उजवीकडून छाया, त्यांच्या भाषेत शेड, द्यायची. ही छाया त्यांची खूण होती. होडी लांबून येत असली तरी बंदरावरचे लोक नाव वाचण्याआधी ओळखत, हे अझीमच्या हातचं.

मग स्टँडजवळ एक दुकान आलं. प्लास्टिकची चिकट अक्षरं यंत्राने कापून तासाभरात हातात. पावसात निघत नाहीत, उन्हात उडत नाहीत. नव्या होड्या तिकडे वळल्या, मग जुन्याही. अब्बांनी कधी तक्रार केली नाही. फक्त दुपारची झोप लांबत गेली.

रझिया गावातल्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायची आणि घरी बसून लोकांना वेबसाइट करून द्यायची. एका लॉजची केली होती, एका शाळेची केली होती. अम्मी भाकरी थापता थापता एकदा म्हणाली, "पोर गावाची दुकानं उघडते. बापाचं मात्र बंदच." तो टोमणा रझियाला लागला. पुण्याच्या एका हॉटेलवाल्याने तेवढ्यातच बंदरावर एक होडी पाहून अब्बांकडून आपली पाटी रंगवून नेली होती. असे आणखी लोक असतील, त्यांना अब्बा सापडायला हवेत, एवढंच तिने मनाशी धरलं.

अब्बांनी हौसेने ड्रॉइंगच्या कागदांवर मथळे रंगवून दिले. 'आमची कामं', 'होड्यांची नावं', 'पत्ता', आणि सर्वांत वर, तीन रंगांत, 'अझीम पेंटर, रत्नागिरी'. तसेही मराठी अक्षरांचे फाँट तेव्हा एका कॉम्प्युटरवर असत, दुसऱ्यावर नसत; नुसतं टाइप केलेलं मराठी परगावच्या माणसाला चौकोन चौकोन दिसायचं. तेव्हा मराठी दाखवायचं तर चित्र करूनच. रझियाने ते कागद स्कॅन केले. पहिल्यांदा जशीच्या तशी ठेवलेली फाइल इतकी जड झाली की पान उघडेपर्यंत अम्मीचं पीठ मळून व्हायचं. मग तिने सगळ्यांचं जेपेग केलं.

अब्बांनी चष्मा वर-खाली करून पाहिलं होतं. "अक्षरांना ही बुरशी कसली गो?"

तिला आधी दिसलीच नाही. मग नाक पडद्याला लावल्यावर दिसली. प्रत्येक अक्षराच्या कडेला धुरकट ठिपके होते. जेपेग फोटोसाठी चांगलं; आभाळ, समुद्र, माणसाची कातडी, जिथे एक रंग दुसऱ्यात हळूच विरतो तिथे. जिथे रंग एका रेघेवर थांबतो, तिथे ते चाचपडतं. अक्षरांसाठी जिफ बरं. त्यात रंग थोडे, पण कड सुरीसारखी.

"म्हणजे जेपेग हे भिंतीचं डिस्टेंपर," अब्बा म्हणाले, "आणि जिफ हा ऑइलपेंट. आधी सांगायचंस ना. होडीला कुणी डिस्टेंपर लावतं का?"

तिने नंतर क्लासमधल्या मुलांना हेच सांगून शिकवलं. कुणाचं वाक्य आहे ते सांगितलं नाही.

होड्यांचे त्रेचाळीस फोटो जेपेगमध्ये, मथळे जिफमध्ये, असं पान तयार झालं. सुरेख दिसायचं. फक्त ते कुणाला सापडत नव्हतं. सर्च इंजिनमध्ये 'बोट नेम पेंटर कोकण' असं घातलं की पहिल्या पानावर चिकट अक्षरांचं दुकान, आणि अझीम पेंटर पाचव्या पानाच्या तळाशी. पाचव्या पानापर्यंत कोण जातं? अब्बा मात्र रोज सकाळी विचारायचे, आज कितव्यावर? एखाद्या नातवाचा शाळेतला नंबर विचारावा तसं.

त्या बुधवारीही विचारलं.

"कितव्यावर?"

"पाचवं पान. खालून तिसरं."

"काल खालून दुसरं होतं. चढलो की."

रझियाला हसू आलं नाही. रात्रभर तिने शाळेच्या वेबसाइटचं काम केलं होतं आणि दहाला क्लास होता. ती म्हणाली, "अब्बा, मी मथळे काढून टाकले. काल संध्याकाळी. आता साधं इंग्रजी टाइप केलंय."

अब्बांनी पडद्याकडे पाहिलं. वर, जिथे तीन रंगांत त्यांचं नाव होतं, तिथे काळ्या, सरळ, छापील अक्षरांत तेच नाव होतं.

"का गो?"

"सर्च इंजिनला ती अक्षरं वाचता येत नाहीत."

"मराठी म्हणून?"

"नाही... म्हणजे, तुम्ही काढलेली ती अक्षरं त्याला अक्षरं वाटतच नाहीत."

 अब्बांनी बोटाने मांडीवर एक अक्षर काढलं, पुसलं. मग विचारलं, "शेड जास्त होतं म्हणून?"

इथे खरं उत्तर साधं होतं, आणि रझियाला ते ठाऊक होतं. यंत्राला चित्रातलं कुठलंच अक्षर वाचता येत नाही, शेड असो नसो, जिफ असो जेपेग असो. पण प्रत्येक चित्राच्या मागे एक न दिसणारी जागा असते. चित्रात काय आहे ते तिथे शब्दांत लिहायचं, फाइलला कॅमेऱ्याने दिलेला आकडा काढून धड नाव द्यायचं, की यंत्राला कळतं. अब्बांचे मथळे जिथल्या तिथे राहिले असते. पण त्रेचाळीस होड्या आणि सात मथळे, पन्नास चित्रांमागे पन्नास ओळी लिहायच्या होत्या. दोन महिने ती आज करू, उद्या करू म्हणत होती. मथळे पुसून टाइप करायला वीस मिनिटं लागली होती.

"हं," ती म्हणाली. "तसंच काहीसं."

"अस्सं." अब्बा उठले. कप खिडकीतून घेतला. "बरं केलंस मग. गिऱ्हाइकाला वाचता नाही आलं तर पाटीचा उपयोग काय?"

दुपारी ते डबे आणि ब्रश पिशवीत घालून बंदरावर गेले. उमेर नाखव्याची होडी डागडुजीला वर ओढली होती, तिचं नाव नव्याने रंगवायचं होतं. मगरिबच्या नमाजाच्या सुमाराला परत आले तेव्हा हातांना टर्पेंटाइनचा वास होता. जेवणात सुक्या बांगड्याची चटणी होती. अम्मी म्हणाली मीठ जास्त झालंय, अब्बा म्हणाले समुद्रातला मासा आहे, साखर कुठून येणार? झोपायला जाताना दारात थांबून त्यांनी रझियाला सांगितलं, "उमेरच्या होडीची एक बाजू झाली. दुसरी उद्या करतो. तू कॅमेरा घेऊन ये. ह्या वेळचा फोटो टाक त्या पानावर, बघ वाचतो का तुझा सर्च."

"बघू," ती म्हणाली. तिचं लक्ष पडद्यात होतं.

गुरुवारी पहाटे नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला, बसलेले अब्बा मोरीतच कलंडले. अम्मीला तांब्या पडल्याचा आवाज आला. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपारी असरच्या नमाजानंतर दफन झालं. कुवेतहून फारुकला, रझियाच्या भावाला, तिसऱ्या दिवशी विमान मिळालं. तो आला, आठ दिवस राहिला आणि गेला.

घर शांत झालं. अम्मी नवऱ्यामागच्या इद्दतीत होती, घराबाहेर पडत नव्हती, परक्यांशी बोलत नव्हती. त्यामुळे दारावरची थाप आणि फोनची घंटी दोन्ही रझियाकडे आली. ती क्लासला जायची, परत यायची, अम्मीच्या बाजूला बसून भाजी निवडायची. दोघी फारसं बोलत नसत. रडायचं तेव्हा आपापलं रडत.

पहिला फोन महिनाभराने आला. बाई अलिबागच्या होत्या, आवाज उत्साहाने भरलेला.

"अझीम पेंटर आहेत का? त्यांची वेबसाइट पाहिली. आमच्या घराला नावाची पाटी हवी होती, अगदी त्या होड्यांसारखी."

रझियाने रिसीव्हर घट्ट धरला. सांगायचे शब्द चार होते आणि तिला चारही पाठ होते. महिनाभर तेच तर सांगत होती. पण तोंडातून आलं, "ते बंदरावर गेलेत."

"मग उद्या करू का?"

"करा," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने वेबसाइट उघडली. पहिलं पान, दुसरा नंबर. चिकट अक्षरांचं दुकान खाली गेलं होतं. टाइप केलेल्या त्या काळ्या अक्षरांनी काम चोख केलं होतं. ज्यासाठी तिने सगळं केलं ते झालं होतं, आणि आज कितव्यावर असं विचारायला कुणी नव्हतं. पंधरा दिवसांत अझीम पेंटर पहिल्या नंबरावर आले.

फोन वाढले. गोव्याहून आले, ठाण्याहून आले. एक जण म्हणाला मला फक्त त्यांच्याशी बोलायचंय, माझ्या आजोबांच्या मचव्यावर अशीच अक्षरं होती. रझिया प्रत्येकाला काहीतरी सांगायची. बंदरावर गेलेत. दाभोळला गेलेत कामाला. आज बरं नाही. अम्मी आतून ऐकायची. एक दिवस तिने विचारलं, "किती दिवस पाठवणार आहेस त्यांना कामाला?"

रझियाने फोनची पिळवटलेली वायर सरळ केली.

"माणसाला विसावा द्यावा गो," अम्मी म्हणाली आणि पुन्हा तस्बीहचे मणी फिरवू लागली.

फारुकचा कुवेतहून फोन आला तेव्हा अम्मीने त्याला सांगितलं असावं. तो वैतागला होता. "ते पान काढून टाक, रझिया. मेलेल्या माणसाच्या नावाने दुकान चालू ठेवायचं म्हणजे काय? आणि फोनवर खोटं कशाला बोलतेस?"

"काढते."

"आज काढ."

तिने रात्री ते पान उघडलं. काढायला एक बटण पुरे होतं. पण हात चालेना. पाचव्या पानावरून पहिल्यावर आणलेलं हे नाव तिने त्यांना विकत घेतल्यासारखं दिलं होतं, त्यांच्याच अक्षरांच्या मोबदल्यात. अक्षरं आधीच गेली होती; पान पुसलं तर हे नावही जाणार. ती बसून राहिली. मग कॉम्प्युटर बंद केला. पान तसंच राहिलं.

मार्चमध्ये उमेर नाखव्याचा फोन आला. हा माणूस दफनाला आला होता, खांदा दिला होता. त्याला काही सांगायची गरज नव्हती. तो अडखळत बोलला. "बेटा, एक विचारायचं होतं. होडी दोन महिने एका बाजूने नाव, एका बाजूने कोरी, अशीच फिरवली मी. लोक हसतात. म्हणतात, उमेर, तुझी होडी येताना मुसलमान आणि जाताना बेवारस. शिवा पेंटर करायला तयार आहे, पण हात लावत नाही. म्हणतो, अझीमभाईने सुरू केलेलं नाव, त्याच्या घरच्यांनी सांगितल्याशिवाय पुरं करणार नाही."

बंदरावरची ही जुनी रीत होती. ज्याने नावाचं पहिलं अक्षर काढलं, नाव त्याचं. अर्धं राहिलं तर दुसरा पेंटर त्याच्या दारात जाऊन विचारतो. अब्बाही असे कितीदा कुणाकुणाच्या घरी जाऊन विचारून आले होते. आता त्यांच्या घरी येणारा हा प्रश्न होता आणि उत्तर द्यायला रझिया होती.

"येते मी," ती म्हणाली.

शुक्रवारी क्लासला सुट्टी होती. ती रिक्षाने मिरकरवाड्याला गेली. दुपारची भरती होती, जेट्टीवर बर्फाच्या लाद्या फोडण्याचा आवाज चालू होता, जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर बायका सावलीला बसल्या होत्या. उमेर नाखवा तिला पाहून पुढे आला. साठीचा माणूस, लुंगीवर जुना शर्ट. त्याच्याबरोबर शिवा होता, हातात ब्रशची पिशवी, नजर खाली.

"ही बघ," उमेर म्हणाला.

होडीची कोरी बाजू त्यांच्याकडे होती. ते वळसा घालून पलीकडच्या होडीवर चढले आणि तिथून रझियाने अब्बांनी रंगवलेली बाजू पाहिली.

'रहमत'. चार अक्षरं, पांढरी, हिरव्या पट्ट्यावर. शिरोरेषा सरळ, कड नीट. पण छाया नव्हती. निळं कुठेच नव्हतं. कानामात्रा नसलेली ती चार अक्षरं सपाट उभी होती, पहिलीच्या पुस्तकातल्या अक्षरांसारखी. अझीम पेंटरांनी काढलेलं असं नाव रझियाने जन्मात पाहिलं नव्हतं.

"हे अब्बांनी काढलंय?"

"त्यांनीच. मी बसलो होतो ना बाजूला," उमेर म्हणाला. "मला वाटलं, छाया उद्या देतील. विचारलं, अझीमभाई, शेड कधी? तर म्हणाले, शेड नाही आता. भांडलो मी. म्हटलं, चाळीस वर्षं सगळ्यांना दिली आणि माझ्याच होडीला उपाशी ठेवता होय?"

"मग?"

"हसले. म्हणाले, माझी रझिया सांगते, शेड असलं की त्या यंत्राला वाचता येत नाही. आता अक्षर असं काढतो की यंत्राचा बाप वाचेल. उद्या ती फोटो काढणार आहे." नाखवा थांबला. "चार वेळा पुसलं त्यांनी ते. हात आपोआप शेडकडे जायचा, मग फडक्याने पुसायचे. म्हणाले, उमेर, एवढं साधं काढणं सोपं नाही रे. पण नाव लिहिलंय तर वाचलं पाहिजे."

शिवा हळूच म्हणाला, "मी पण विचारात पडलो होतो. अझीमभाईंचं असं काम कधी बघितलं नव्हतं. ताई, दुसरी बाजू कशी करू? अशीच, की नेहमीची, छायेची?"

रझियाने होडीच्या कडेला हात टेकला. लाकूड ओलं होतं. खाली पाणी दोन होड्यांच्या फटीत वर येत होतं आणि परत जात होतं. उमेर आणि शिवा वाट पाहत होते. बंदरावरच्या पाचपन्नास माणसांत रडायचं नाही असं तिने घरून ठरवून आणलं होतं, आणि ती रडलीही नाही.

"दुसरी बाजू छायेची करा," ती शिवाला म्हणाली. "त्यांची असते तशी. ही आहे तशी राहू दे."

शिवाने मान हलवली. उमेर म्हणाला, "फोटो काढायचाय ना? मी होडी जरा फिरवतो, ऊन समोरून येईल." आणि तो दोर सोडायला पलीकडे गेला. शिवाही त्याच्या मागून गेला.

रझिया त्या चार अक्षरांसमोर एकटी राहिली. त्यांच्याकडे पाहूनच ती बोलली, मोठ्याने, घरात बोलावं तशी.

"अब्बा, शेडचं काही नव्हतं. ते यंत्र हेही वाचणार नाही, चित्रातलं ते काहीच वाचत नाही. मागे शब्द मी लिहायचे होते. पन्नास ओळी होत्या, आणि मला कंटाळा आला होता. तुमच्या अक्षरात खोट नव्हती, अब्बा. मी तुम्हाला खोटं सांगितलं."